‘परक्याचं तिथे काय काम?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हॉस्पिस म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत काळजी घेणारी जागा. तिथल्या स्वयंसेवकांबद्दलचा एक मेसेज गेले काही दिवस फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘तू जातेस ना तिथे, वाच’ म्हणून. त्यातले मुद्दे असे: शेवटच्या दिवसांत माणसाला फक्त घरचे हवे असतात. सोबतीला बसणारे स्वयंसेवक परक्याच्या दुःखात नाक खुपसतात. बेशुद्ध रुग्णाला कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही. तिथे मॉर्फिन देऊन माणसाला लवकर संपवतात. आणि खरी कळकळ असेल तर औषधांना पैसे द्या, नुसतं बसून काय होतं?

मी सहा वर्षं दर आठवड्याला एक दुपार हेच ‘नुसतं बसते’. म्हणून उत्तर देतेय.

घरचे हवे असतात, हे खरंच आहे. पण घरच्यांना कोण हवं असतं, हा प्रश्न मेसेज लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. एक मुलगी अकरा दिवस आईच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत झोपत होती. मी म्हटलं, दोन तास मी आहे, तुम्ही आंघोळ करून या, थोडं आडवं व्हा. ती दारापर्यंत तीनदा गेली आणि तीनदा परत आली. ‘ताई, काही झालं तर?’ मी फोन हातात धरून दाखवला, म्हटलं, श्वास जरा बदलला तरी लगेच लावते. दीड तासाने ती ओल्या केसांनी परत आली. तोवर दिवसभर तिची नजर औषधाच्या पंपावर खिळलेली असायची. त्या दिवशी तिने कंगवा काढला आणि आईचे केस विंचरत बसली. अकरा दिवस ती नर्ससारखी राबत होती, आता मुलगी म्हणून बसली होती. तिची जागा मी घेतली नव्हती, फक्त काही वेळ राखली होती.

आणि ज्याला घरचं कुणी नाहीच, त्याचं काय? आधुनिक हॉस्पिसची सुरुवातच अशा एका माणसापासून झाली. १९४८ साली लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड तास्मा नावाचा वॉर्साहून आलेला निर्वासित कॅन्सरने शेवटचे दिवस मोजत होता. नात्यातलं जवळ कुणी नव्हतं. रुग्णालयात समाजसेविका असलेल्या सिसिली सॉन्डर्स त्याच्याशी बोलायला येत राहिल्या. मरणाऱ्यांसाठी कशी जागा असायला हवी, हे दोघांच्या बोलण्यातून आकाराला येत गेलं. जाताना त्याने त्या जागेसाठी ५०० पौंड मागे ठेवले. त्यानंतर सॉन्डर्स संध्याकाळी एका हॉस्पिसमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करू लागल्या, मग वैद्यकशास्त्र शिकून डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभं राहिलं. तास्माच्या दृष्टीने त्या परक्याच होत्या.

परकं असण्याचा एक उपयोगही असतो. एका आजोबांनी मला सांगितलं, ‘मला रात्रीची भीती वाटते.’ मुलासमोर ते रोज ‘मी मजेत आहे’ म्हणायचे, कारण मुलगा कोलमडेल अशी त्यांना धास्ती. माझ्यासमोर त्यांना कुणाला सावरायचं नव्हतं. हे नर्सला सांगू का, असं विचारून, त्यांनी मान हलवल्यावरच मी सांगितलं.

नाक खुपसण्याचं म्हणाल, तर त्याचसाठी प्रशिक्षण असतं. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, उपचारांवर सल्ला द्यायचा नाही, आपला देवधर्म त्यांच्यावर लादायचा नाही, ‘नको’ म्हटलं की उठायचं. स्वतःच्या घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर बऱ्याच ठिकाणी वर्षभर थांबायला सांगतात.

बेशुद्ध माणसाला काही कळत नाही, हे इतक्या खात्रीने सांगता येत नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी तपासल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही रुग्णांचा मेंदू आवाजांना निरोगी माणसांसारखाच प्रतिसाद देत होता. ऐकलेलं त्यांना उमगतं का, हे त्यातून ठरत नाही. पण मला एवढं पुरेसं आहे. खोलीत शिरले की मी माझं नाव सांगते. नर्सने शिकवल्याप्रमाणे ओल्या स्पंजने ओठ पुसायचे असतील, तर आधी ‘आता ओठ ओले करते हं’ म्हणते, मगच हात पुढे करते. कधी जीभ हळूच बाहेर येते, पाणी टिपते.

मॉर्फिनचा मुद्दा या सगळ्यात घातक आहे, कारण तो वाचून कुणीतरी आपल्या माणसाच्या वेदनेचं औषध थांबवेल. मॉर्फिन दुखणं आणि धाप कमी करण्यासाठी असतं. मात्रा डॉक्टर ठरवतात, गरजेप्रमाणे हळूहळू वाढवतात, आणि अशा नीट दिलेल्या मॉर्फिनने मृत्यू लवकर ओढवत नाही. स्वयंसेवक तर औषधाला हातही लावत नाही. २०१० साली अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून वेदनाशामक, आधार देणारी काळजीही मिळालेल्यांचं मध्यम आयुर्मान ११.६ महिने होतं, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांचं ८.९ महिने. तो अभ्यास हॉस्पिसचा नव्हता, पण ‘आराम दिला की माणूस लवकर जातो’ या समजुतीला त्यातून कुठेही आधार मिळत नाही.

राहिला पैशांचा मुद्दा. द्या, जरूर द्या. पण वेळेची गरज पैशाने भागत नाही. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा नियमच आहे की हॉस्पिसमधले पगारी कर्मचारी रुग्णसेवेला जितके तास देतात, त्याच्या किमान ५ टक्के इतके तास स्वयंसेवकांनी द्यायला हवेत. तिथल्याच ओरेगनमधल्या सँड्रा क्लार्क या नर्सला १९८६ साली एका मरणासन्न वृद्धाने विचारलं होतं, माझ्याजवळ थांबाल का? बाकीचे रुग्ण पाहून येते, असं सांगून त्या गेल्या. दीड तासाने परतल्या तेव्हा तो गेलेला होता, एकटाच. त्या वॉर्डात औषधं होती, नर्सही होती. मोकळं बसू शकेल असं मात्र कुणी नव्हतं. २००१ साली क्लार्क यांनी आपल्या रुग्णालयात स्वयंसेवकांच्या पाळ्या लावायला सुरुवात केली. आता अनेक रुग्णालयांत असे स्वयंसेवक एकट्या रुग्णाशेजारी खुर्ची ओढून बसतात, आणि पुढचा येईपर्यंत उठत नाहीत.