टीआयआरची नाडी

युरोपात ट्रक चालवायचो असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गुळगुळीत रस्ता, बाजूला बर्फाचे डोंगर आणि स्टिअरिंगवर एक हात टाकून बसलेला ड्रायव्हर येतो. हे सगळं होतं. पण गाडी चालवणं हा त्या नोकरीतला आरामाचा भाग होता. खरं काम गाडी थांबली की सुरू व्हायचं. शिंपी, मांडववाला, हमाल आणि कारकून अशी चारही खाती एकाच माणसाकडे. आपल्याकडे ट्रकवर निदान क्लीनर तरी असतो. तिकडे शेजारची सीट रिकामी, म्हणजे स्वतःच्या चुकीबद्दल ओरडायलासुद्धा कोणी नाही.

काळ १९८०च्या दशकातला. कंपनी हॉलंडची, माल रॉटरडॅमहून इस्तंबूलला. वाटेत पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया आणि बल्गेरिया. यातले दोन देश आज त्या नावानं नकाशावर सापडत नाहीत, तेव्हा मात्र त्यांचे कस्टमवाले चांगलेच सापडायचे.

एवढ्या सरहद्दींवर दर वेळी माल उघडून मोजायचा तर टोमॅटोचा सॉस गाडीतच तयार होईल. त्यावर उपाय म्हणून १९५९मध्ये टीआयआरचा (फ्रेंच नावाची आद्याक्षरं, अर्थ आंतरराष्ट्रीय रस्ता वाहतूक) करार झाला आणि १९७५मध्ये तो सुधारून पुन्हा केला. कल्पना झकास. निघतानाच कस्टमनं गाडीला सील ठोकायचं, मधल्या देशांनी फक्त सील शाबूत आहे का बघायचं आणि सोडून द्यायचं. गाडीच्या पुढे-मागे निळी पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत टीआयआर. पाटी ४०० बाय २५० मिलिमीटर, अक्षरं २०० मिलिमीटर उंच. आणि गाडी टीआयआरवर नसेल तेव्हा ती पाटी काढायची किंवा झाकायची, नाहीतर तोही गुन्हा. तुर्कस्तानात तर लोकांनी मोठ्या ट्रकचं नावच 'टिर' ठेवून टाकलं.

आता कराराची अट अशी की सील न तोडता, मागं खूण न ठेवता, मालापर्यंत कोणाचा हात पोचता कामा नये. पत्र्याच्या बंद खोक्याला हे सोपं आहे. दाराला सील मारलं, काम संपलं. पण आमचे ट्रेलर ताडपत्रीचे. कारण खोक्यात माल फक्त मागून भरता येतो, ताडपत्रीच्या ट्रेलरमध्ये मागून, बाजूनं फोर्कलिफ्टनं आणि छप्पर काढून वरून क्रेननंही. मालकाला हे फार आवडायचं. छप्पर मालक काढत नसे.

रचना समजून घ्या. बारा मीटर वीस सेंटिमीटर लांबीचा सपाट हौदा. कडेनं गुडघाभर उंचीचे फाळके. फाळक्यांच्या मधे उभे लोखंडी खांब, एका बाजूला चार खण पडतील असे. प्रत्येक खणात खांबांच्या खोबणीत आडव्या चार-चार फळ्या. वर आडवे दांडे. आणि या सगळ्या सांगाड्यावर एकसंध पीव्हीसीची ताडपत्री, मच्छरदाणीसारखी पाचही बाजूंनी. क्षेत्रफळ शंभर चौरस मीटरच्या आसपास, वजन कोरडी असताना ऐंशी-नव्वद किलो. कोरडी असताना म्हणालो, कारण ती फारशी कधी नसायचीच.

ताडपत्रीच्या खालच्या काठाला ओळीनं पितळी डोळे असतात आणि फाळक्यांवर ओळीनं लोखंडी कड्या. डोळा कडीवर बसवायचा, कडी बाहेर डोकावली की तिच्यातून दोर ओवायचा. दोन कड्यांमधलं अंतर २०० मिलिमीटरच्या वर चालत नाही. म्हणजे ट्रेलरभोवती जवळजवळ दीडशे कड्या. दोर आतून पोलादी तारेचा, वर पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण, लांबी तीस-पस्तीस मीटर, आणि तो अखंड पाहिजे. गाठ नको, जोड नको. दोन्ही टोकांना धातूची टोपी, टोपीजवळ आरपार पोकळ रिव्हेट. दोन्ही टोकं मागच्या बाजूला एकत्र आली की त्या रिव्हेटमधून कस्टमचं सील जातं.

लेंग्याच्या नेफ्यात नाडी घातली आहे ना कधी? सेफ्टी पिन लावून, आत चाचपडत, मधेच पिन उघडते तसं? तोच प्रकार. फक्त लेंगा बारा मीटरचा, आणि बाहेर पाऊस.

यातली हमखास चूक म्हणजे एखादी कडी सुटणं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस करत माणूस तंद्रीत जातो आणि चाळिसावी तशीच राहते. ओवून झाल्यावर लक्षात आलं तर मधून दुरुस्ती नाही, कारण दोर टोकाकडूनच घालता येतो. चाळीसपर्यंत सगळा उपसा आणि पुन्हा सुरुवात करा. लक्षात आलं नाही तर त्याहून वाईट, कारण कस्टमवाल्याच्या लक्षात येतंच. ते लोक ट्रेलरभोवती फिरताना बोट प्रत्येक कडीवरून नेत जायचे, जपमाळ ओढल्यासारखे. त्यातून सील लागल्यावर सुटलेली कडी दिसली, तर ती ओवायला सील तोडावं लागतं, आणि सील तोडणं हे ड्रायव्हरचं काम नाही.

फाटलेल्या ताडपत्रीचं शास्त्र निराळंच. फोर्कलिफ्टचा दात लागून वीतभर चीर गेली की आपण म्हणणार, ठिगळ लावू. लावा, पण करारात लिहिल्याप्रमाणे. शिवण असेल तर दुहेरी, दोन ओळींत किमान १५ मिलिमीटर अंतर. आणि आतून दिसणाऱ्या दोऱ्याचा रंग बाहेरून दिसणाऱ्या दोऱ्यापेक्षा वेगळा, शिवाय ताडपत्रीच्या रंगापेक्षाही वेगळा. कारण सरळ आहे. कोणी बाहेरून टाके उसवून, माल काढून पुन्हा शिवले, तर आतला रंग त्याला ठाऊक नसतो आणि बाहेरून घालताही येत नाही. जिनिव्हात बसून ज्यानं कोणी हे लिहिलं, त्याच्या घरी नक्की कोणीतरी शिंपी असणार. मला या कलमाबद्दल मनापासून आदर आहे. अर्थात हा आदर इतक्या वर्षांनंतरचा. तेव्हा, हातात सुई असताना, शब्द वेगळे होते.

आता छप्पर काढायचा प्रसंग. माल यंत्राचा सांगाडा किंवा लांब पाइप असले की क्रेननं वरून भरायचा. दोर उपसा, गुंडाळा. ताडपत्री मागून पुढे घडी घालत केबिनच्या बाजूला न्या. वरचे दांडे काढा, बत्तीस फळ्या काढा, खांब उपटा, फाळके पाडा. अनुभवी एकट्या माणसाला दीड-दोन तास. काढताना फळ्यांवर खडूनं खणाचा नंबर टाकणारा माणूस सुखी. न टाकणाऱ्याला परत बसवताना कळतं की बत्तीसच्या बत्तीस फळ्या सारख्या दिसतात आणि एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

त्याचं कारण खांब. माल आतून टेकतो, खांब बाहेरच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटर झुकतात, आणि मग फळी खोबणीत शिरायला नकार देते. घण मारून ती शिरते, पण पुढच्या वेळी निघत नाही. खरा उपाय म्हणजे समोरासमोरच्या दोन खांबांना पट्टा लावून रॅचेटनं आत खेचायचं आणि मग फळी टाकायची. दुसरं, जमीन सपाट पाहिजे. ट्रेलरचं एक चाक खड्ड्यात असेल तर पूर्ण सांगाडा पिळवटतो आणि फाळक्याची कडी खुंटीवर बसतच नाही. बांधकामाच्या साइटवर सपाट जमीन ही गोष्ट इमारत पूर्ण झाल्यावर येते.

थंडीत ताडपत्रीचं पापडासारखं होतं. शून्याखाली पाच-सात अंश गेलं की घडी पडत नाही, जबरदस्तीनं घातली तर घडीवर तडा जातो आणि आपण पुन्हा दोऱ्याच्या रंगाशी येतो. दांड्यांच्या मधे छपरावर पाणी साचतं. रात्री त्याचं बर्फ होतं, आणि सकाळी निघालात की दाराएवढी लादी मागच्या गाडीच्या काचेवर. म्हणून निघण्याआधी आत शिरून, वल्ह्यासारखी फळी धरून, छप्पर खालून ढोसायचं. सील लागलेलं असेल तर आत शिरता येत नाही. मग शिडी.

डिझेलचंही तेच. उन्हाळी डिझेल कडाक्यात मेणासारखं दाटतं, फिल्टर तुंबतो, गाडी घाटात मान टाकते. रॉकेल मिसळायचं ते आधी, टाकी गरम असताना. मेण धरल्यावर ओतलेलं रॉकेल नुसतं वर तरंगत आपली कीव करतं. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतलं पाणी रोज सोडायचं, नाहीतर नळीत बर्फ होऊन चाकं जखडतात. हे एवढ्यावर सोडतो, कारण कागद राहिलेत.

कागदांचा राजा म्हणजे कार्नेट. हे टीआयआरवरच्या मालाचं कस्टमला दाखवायचं पुस्तक, आतली पानं जोडीजोडीनं, एक पांढरं, एक हिरवं. प्रत्येक देश आत येताना पांढरं फाडून घेतो, बाहेर पडताना हिरवं, आणि स्थळप्रतीवर शिक्का मारतो. इस्तंबूलपर्यंत दहा-बारा पानं जायची, म्हणून चौदा पानांचं कार्नेट घ्यायचं. एका कार्नेटमागं तेव्हा ५०,००० डॉलरपर्यंतची हमी असायची. त्यामुळे शिक्का राहिला म्हणजे नुसता शिक्का राहिला असं नसतं. कागदोपत्री तुमचा माल त्या देशातून बाहेर पडलेलाच नसतो, आणि कित्येक महिन्यांनी जकातीची मागणी ऑफिसात येते. फाडलेलं पान योग्य रंगाचं आहे का, हे खिडकीसमोरच बघायचं. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला तरी.

खाडाखोड चालत नाही. चुकलेलं सरळ रेघ मारून कापायचं, वर बरोबर लिहायचं, सही करायची आणि कस्टमचा शिक्का घ्यायचा. तिनाचा आठ करणं ही भारतीय कला तिथे वाया जाते. खोक्यांची संख्या कार्नेटवर आणि मालाच्या पावतीवर एकच हवी. त्या पावतीलाही रंग होते, पाठवणाऱ्याची प्रत लाल, घेणाऱ्याची निळी, आमची हिरवी. आमची हिरवी प्रत चुकून घेणाऱ्याकडे राहिली की भाड्याचं बिल लटकलं.

एवढं होऊन माणूस केबिनमध्ये चढतो, तर समोर तेव्हाचा टॅकोग्राफ, म्हणजे गाडीच्या चालण्या-थांबण्याची नोंद ठेवणारं घड्याळ. मेणाचा थर दिलेली कागदी चकती, चोवीस तासांत एक फेरा. तीन सुया तिच्यावर ओरखडे काढतात. एक वेग, एक गाडी चालतेय की माणूस झोपलाय ते, आणि एक अंतर. अंतराची सुई दर पाच किलोमीटरला एक तिरकी रेघ मारते. मधे पेननं नाव, निघालो ते गाव, पोचलो ते गाव, तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर. १९८६पासून नियम असा की साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबा, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा.

इथली गंमत घड्याळात आहे. घड्याळ बारा तासांचं, चकती चोवीस तासांची. काटे बारा तास पुढे-मागे लागले तर घड्याळ अगदी बरोबर वेळ दाखवतं आणि चकती म्हणते तुम्ही रात्रभर चालवत होतात आणि दिवसभर झोपलात. जर्मन पोलिसाला हे समजावताना तो फार शांतपणे ऐकून घ्यायचा. मग पावतीपुस्तक काढायचा.

आणि दुसरी गंमत सरहद्दीच्या रांगेत. बल्गेरिया-तुर्कस्तान सरहद्दीवरच्या कापिकुलेला रांग किलोमीटरनं मोजायची. नियमाप्रमाणे विश्रांती घ्यायची तर बिछान्याच्या खुणेवर खटका ठेवून पडायचं. पण रांग दर वीस मिनिटांनी तीस मीटर सरकते. सरकलात की सुई ओरखडा काढते, विश्रांती मोडली. न सरकलात तर मागचे पंचवीस देशांतले ड्रायव्हर आपापल्या भाषेत तुमची विश्रांती मोडतात.

अशी पाच देशांची बोटं जपमाळ ओढून गेलेली ती नाडी शेवटी इस्तंबूलच्या कस्टमच्या आवारात पोचते. अधिकारी सीलचा नंबर कार्नेटशी ताडून बघतो, खिशातून पक्कड काढतो आणि कट्. दोराची टोकं पाठीमागं लोंबकळतात. तो शेवटचं पान फाडून घेतो, शिक्का मारतो, हसतो, चहा मागवतो. मग ट्रेलरच्या पलीकडे बोट दाखवतो. तिकडे उभी असते क्रेन.