गिरगावकरांना उत्तर : पाणपोई, पिंप आणि पवई

नमस्कार गिरगावकर,

"पाणी निसर्गाचं. त्याला भाव लावणं पाप. आमच्या आजीने पाणपोई चालवली आणि तुम्ही मीटरच्या गोष्टी करता. उद्या हवेचंही बिल फाडाल," असं तुम्ही, मुंबईत पाण्याचे दर वाढवा म्हणणाऱ्या माझ्या मागच्या लेखावर, लिहिलंत. राग पोचला. उत्तर जरा लांबणार आहे.

आजींच्या पाणपोईपासूनच सुरू करतो. रांजण रोज घासायला, भरायला कुणीतरी असणारच. वाटसरूला पाणी फुकट मिळायचं, कारण खर्च आजी सोसायच्या. मुंबईत काय होतं? भातसा, वैतरणेचं पाणी शंभर-शंभर किलोमीटरवरून येतं, भांडुपला शुद्ध होतं आणि माझ्यासारख्या इमारतीत राहणाऱ्याला हजार लिटर साधारण सहा रुपयांत पडतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या वस्तीत नळ नाही. त्या दोनशे लिटरचं पिंप तीस रुपयांना घेतात. हजार लिटरला दीडशे झाले. पंचवीसपट! भाव तर कधीचाच लागलाय हो, फक्त भलत्या माणसाला. (झोपडी अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येत नाही, असं उच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं. मावशींच्या दारात ते अजून पोचायचंय.)

१९९२ साली डब्लिनच्या आंतरराष्ट्रीय पाणी परिषदेत पाण्याला आर्थिक मूल्य आहे असं मांडलं गेलं, तेव्हाही असेच आक्षेप आले. पण स्वच्छ पाणी परवडेल अशा दरात मिळणं हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, हे त्याच तत्त्वात आधी लिहिलेलं आहे. ते वाक्य सगळेच गाळतात, बाजारवालेही.

आता मला खरं खुपतं ते. विहार, तुळशी आणि पवई हे तिन्ही तलाव एकोणिसाव्या शतकातले, एकमेकांच्या शेजारचे, तिन्ही पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले. विहार-तुळशीला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल लाभलं, ते पाणी आपण आजही पितो. पवईभोवती वस्ती वाढली, सांडपाणी आत आलं, जलपर्णी माजली. आज ते पाणी कुणी तोंडात घेणार नाही. गाळ अडवायचं, घाण लांब ठेवायचं जे काम जंगल विजेशिवाय करतं, ते कुठल्या बिलात दिसतं? दिसत नाही, म्हणून फुकट वाटतं. आणि मग मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा, रोज वीस कोटी लिटरचा प्रकल्प आखावा लागतो. तिथे लिटरालिटराला वीज जळणार.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरचं तर बोलायलाच नको. मुंबईला पाणी देणारी तानसा, भातसा ही धरणं त्यांच्या तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकरही त्यांच्याच पाड्यांवर. धरण उशाला, कोरड घशाला.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. 'दर सरसकट वाढवा' हे मी घाईत लिहिलं, मागे घेतो. माणशी दीडशे लिटरच्या पुढे दुप्पट, तिप्पट, चौपट दराची सोय पालिकेकडे आहेच. पण आमच्या सोसायटीला मीटर एकच, बिल सगळ्यांत सारखं वाटलेलं. कोण किती सांडतो ते कुणाला कळणार?

गेल्या महिन्यात आमची गच्चीवरची टाकी चार दिवस वाहत होती. बॉलकॉक गेला होता. मी तक्रार केली, तर आमचे सेक्रेटरी म्हणाले, "अहो, प्लंबर सहाशे मागतोय. तेवढ्यात लाखभर लिटर पाणी येतं."

हिशेब त्यांचा अगदी बरोबर होता.