डेटा नक्की जातो कुठे? ऐरोलीच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

डेटा वाचवण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते मी दोन-तीनदा वाचलं. ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे वाचक ऐरोलीला राहतात, कामाला रोज ठाण्याला येतात. रोज १.५ जीबीचा प्लॅन आहे, घरी वाय-फायही आहे. लेखात सांगितल्याप्रमाणे त्यांनी डेटा सेव्हर चालू केला, आठ-दहा अ‍ॅप्सचा बॅकग्राउंड डेटा, म्हणजे अ‍ॅप उघडलेलं नसतानाही ते मागे वापरतं तो, बंद केला. तरीही सकाळी घर सोडायच्या आधीच अर्धा जीबी गेलेला असतो आणि संध्याकाळी सहाच्या आत नेट संपतं. वर, मुलीच्या स्कूलबसच्या ग्रुपवर ‘आज बस लवकर येतेय’ असा मेसेज आला, तो त्यांना वेळेवर दिसला नाही. मुलगी पावसात गेटवर एकटी थांबली. शेवटी त्यांनी विचारलंय, ‘अनलिमिटेड ५जीच्या काळात हे उपद्व्याप करायचेच कशाला?’

मुलीचं आधी. तिथे माझी चूक झाली आणि त्याबद्दल मी तुमची मनापासून माफी मागते. डेटा सेव्हर चालू असला की समोर उघडलेल्या अ‍ॅपलाच नेट मिळतं. व्हॉट्सअ‍ॅप उघडलेलं नसेल तर फार तर ‘नवीन मेसेज असू शकतात’ एवढीच सूचना दिसते, मजकूर दिसत नाही. म्हणून ज्या अ‍ॅपवर घरची, शाळेची, डॉक्टरांची किंवा बँकेची माणसं आपल्याला गाठतात, त्याला सूट द्यावी लागते. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात व्हॉट्सअ‍ॅप, त्यात मोबाइल डेटा, आणि तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड डेटा यूसेज’चं बटण चालू. हे आज, आत्ता करा. साध्या लिखित मेसेजला डेटा जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे सूट दिल्याने काही बिघडत नाही. फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जाऊन मोबाइल डेटावर फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, म्हणजे ग्रुपवरची सकाळची फुलं न बघताच फोनमध्ये येऊन बसणार नाहीत. ही सूट मूळ लेखात सांगायला हवी होती. आता ती तिथे पहिल्याच परिच्छेदात घातली आहे.

दुसरी गोष्टही तुमची बरोबर आहे: बॅकग्राउंड बंद करून फारसं काही वाचत नाही. मी बटणं आधी सांगितली आणि हिशेब नंतर, तो क्रम उलटा हवा होता. माझी बहीण घणसोलीला पोळीभाजीचे डबे करते. तिच्या सगळ्या ऑर्डरी फोनवर येतात आणि चार वाजले की तिचं नेट आटोपतं. गेल्या महिन्यात तिच्या ओट्याशी उभं राहून, ती कणीक मळत असताना, मी तिच्या फोनमधलं डेटा यूसेजचं पान उघडलं. महिन्याच्या चाळीस-एक जीबीपैकी यूट्यूब १६, रील्सचं अ‍ॅप ९, व्हॉट्सअ‍ॅप ३. कुठल्याही अ‍ॅपवर बोट ठेवलं की फोरग्राउंड (अ‍ॅप समोर उघडलेलं असताना) आणि बॅकग्राउंड असे दोन आकडे वेगळे दिसतात. यूट्यूबच्या १६ मधला बॅकग्राउंडचा वाटा २०० एमबीसुद्धा नव्हता. तिने मोठ्या कष्टाने बंद केलेली सगळी अ‍ॅप्स मिळून एक जीबी होत नव्हती.

आणि मधोमध एक ओळ होती: हॉटस्पॉट, ११ जीबी. ती बघून तिचे हात थांबले. ‘हा तर फक्त असाइनमेंट पाठवतो,’ ती म्हणाली. भाचा संध्याकाळी तिच्या फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडत असे, आणि तो खरंच असाइनमेंटच पाठवत होता. पण लॅपटॉपच्या दृष्टीने हॉटस्पॉट म्हणजे साधं वाय-फाय. मग विंडोजचे अपडेट उतरतात, क्लाउडवर फोल्डर चढतात, आणि फोनवर हे सगळं एकाच ओळीत जमा होतं, आत कोण काय खातंय ते दिसत नाही. उपाय लॅपटॉपवर आहे: वाय-फायच्या यादीत त्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करायचं. मग विंडोज बहुतेक अपडेट थांबवून धरतं. तुमच्या घरात कोणी तुमच्या फोनवर लॅपटॉप किंवा टीव्ही जोडतं का? तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण ती ओळ बघाच.

आता व्हिडिओ, कारण खरं पाणी तिथेच मुरतंय. गणित सोपं आहे. एक एमबीपीएसने (सेकंदाला एक मेगाबिट; आठ बिट म्हणजे एक बाइट) तासभर व्हिडिओ चालला तर ४५० एमबी जातात. चित्र जितकं स्वच्छ, तितके एमबीपीएस जास्त. दर्जा ‘ऑटो’वर ठेवला की अ‍ॅप आधी नेटचा वेग मोजतं आणि त्याला झेपेल तितकं भारी चित्र पाठवतं. म्हणजे रेंज जितकी चांगली, तितका तोच व्हिडिओ जास्त डेटा ओढतो. नवीन फोन घेतल्यावर नेट लवकर संपायला लागलं असं कितीतरी जण सांगतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. लोकलमध्ये उभ्याने, हातभर अंतरावरून बघताना ४८० आणि १०८० या चित्राच्या दर्जांमधला फरक डोळ्यांना फारसा कळत नाही. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ क्वालिटीत मोबाइल नेटवर्कसाठी वेगळा पर्याय असतो, तो ‘डेटा सेव्हर’वर ठेवा. वाय-फायचा पर्याय तसाच राहू द्या. नेटफ्लिक्सच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ‘सेव्ह डेटा’ निवडलं तर एका जीबीत साधारण सहा तास निघतात, असं ते स्वतःच सांगतात. तिथेच एचडी दर्जाला तासाला ३ जीबीपर्यंत लागू शकतात. रील्सचं दुखणं वेगळं: तुम्ही एक बघत असता तेव्हा पुढच्याही मागून भरत असतात. अंगठ्याने सरकवून टाकलेल्या रीलचाही डेटा गेलेलाच असतो.

तुमच्या सकाळच्या अर्ध्या जीबीने मात्र मला विचारात पाडलं. कोटा मध्यरात्री नव्याने सुरू होतो, म्हणजे हा अर्धा जीबी रात्री बारा ते सकाळी निघेपर्यंत, वाय-फाय असलेल्या घरात जातोय. माझा अंदाज असा की राउटर हॉलमध्ये आहे आणि फोन आतल्या खोलीत. वाय-फाय क्षीण झालं की बरेच फोन न सांगता मोबाइल डेटावर उडी मारतात. आयफोनमध्ये याला वाय-फाय असिस्ट म्हणतात आणि ते मुळातच चालू येतं, मोबाइल डेटाच्या पानावर अगदी खाली सापडतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये वाय-फायच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘स्विच टू मोबाइल डेटा’सारखा पर्याय असतो. तो बंद करा. गूगल फोटोजचा बॅकअप मोबाइल डेटावर चालू नाही ना, हेही बघा. चढणारा डेटाही कोट्यातूनच कापला जातो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

५जीबद्दल. ५जी आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ ला आलं आणि सुरुवातीला खूप उदारपणे मिळालं, हे खरं. पण जुलै २०२४ च्या दरवाढीपासून अनलिमिटेड ५जी बहुतेक ठिकाणी रोज २ जीबी आणि त्यावरच्या प्लॅनलाच मिळतं. तुमचा प्लॅन १.५ चा आहे. शिवाय मोठ्या प्लॅनवरही फोन ४जीवर उतरला, बेसमेंटमध्ये, लिफ्टमध्ये किंवा गर्दीच्या डब्यात, की तेवढा डेटा रोजच्या कोट्यातून जातो.

‘उपद्व्याप कशाला’ या प्रश्नाला माझं उत्तर मात्र पैशाचं नाही. कोटा संपला की वेग सहसा ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट) येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी. ३०० केबीचा एक फोटो यायला चाळीसेक सेकंद. ठाणे स्टेशनबाहेर रिक्षावाल्याचा क्यूआर स्कॅन करून गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत उभी असलेली माणसं मी रोज बघते. माझी बहीण संध्याकाळच्या डब्यांच्या ऑर्डरी अशाच गमावत होती. तुमचं नेट सहाच्या आत संपतं, आणि परतीचा प्रवास, घरच्यांचे फोन, मुलीच्या क्लासचे निरोप हे सगळं सहानंतरचं आहे. मला काळजी वाटते ती त्या वेळेची.

एक करून बघा. आज रात्री झोपताना मोबाइल डेटा पूर्ण बंद करा, फक्त वाय-फाय ठेवा. उद्या सकाळी निघताना डेटा चालू करून आकडा बघा. परवा रात्री तो चालूच ठेवा आणि पुन्हा बघा. दोन्ही सकाळचे आकडे आणि हॉटस्पॉटची ती ओळ इथेच लिहा. फोन कुठला आहे तेही सांगा, म्हणजे तुमच्या फोनमध्ये ते बटण नेमकं कुठे सापडेल हे मला सांगता येईल.