लोणी, ताक आणि पेंचचं पाणी

आमच्या रामटेककडे रोवण्याचे दिवस आले की एक मेसेज मोबाइलवर फिरू लागतो. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाच्या वीजघरात पाण्यातली वीज काढून घेतात, म्हणून पेंचच्या कालव्यात ‘मेलेलं’ पाणी येतं आणि धानाची लोंबी पोचट राहते. पावसाच्या पाण्यात वीज असते, म्हणून ते पिकाला मानवतं. वरून, विजेपायी शेतीचं पाणी जातं ते वेगळंच. परवा पारावर एक काकाजी हेच म्हणाले, “लोणी काढल्यावर काय राह्यते? ताकच ना!”

उपमा झकास आहे, पण लोणी दुधात असतं, वीज पाण्यात नसते. पाण्याजवळ असते ती उंची. माळ्यावरून धानाचं पोतं दोरीनं खाली सोडताना गडगडी फिरली, म्हणून पोत्यातला दाणा पोचट होतो का? तोतलाडोहच्या 80-80 मेगावॉटच्या दोन संचांत एवढंच घडतं. पाणी वरून येतं, टर्बाइन फिरवतं, खालून निघून जातं. 50 मीटर उंचीवरून सात हजारांहून जास्त लिटर पाणी यावं, तेव्हा कुठं एक युनिट वीज मिळते. आणि तेच पाणी धरणाच्या दरवाज्यातून कोसळलं तरी त्याची उंची जातेच. फेसात, आवाजात, थोडंसं तापण्यात. मग त्यालाही ताक म्हणायचं का?

पावसाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. कडाडणाऱ्या विजेमुळे हवेतलं थोडं नत्र पावसाबरोबर जमिनीत येतं. पण पाण्यात विरघळलेलं नत्र टर्बाइनच्या पात्यांना काढून घेता येत नाही.

कस कमी झाल्याची तक्रारही साफ खोटी नाही. पूर्वी नदीबरोबर गाळ यायचा, तो आता जलाशयाच्या तळाशी बसतो. तळाचं पाणी गारही असतं. पण हे पाणी अडवल्यामुळे होतं. वीजघर उद्या बंद केलं तरी होईल. पोचट लोंबीचं म्हणाल, तर बांधीत उतरून पांढरी पडलेली एखादी ओढून पाहा. अलगद हातात आली आणि बुडाशी कुरतडलेली दिसली, तर तो खोडकिडा.

राहिलं विजेपायी पाणी जाण्याचं. वीज करून सुटलेलं पाणी खाली नवेगाव खैरीला पुन्हा अडवतात, आणि तिथूनच ते कालव्यांना आणि नागपूरच्या नळांना जातं. भांडायचंच तर येव्यावरून, म्हणजे धरणात वरून येणाऱ्या पाण्यावरून भांडा. वर छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचं धरण झाल्यापासून तोतलाडोहात येणारं पाणी घटलं. 2019 च्या जुलैत नागपूरला एक दिवसाआड पाणी द्यायची वेळ आली होती.

काकाजींची बांधी कालव्याच्या तोंडाशी आहे, माझी टेलला, पार शेवटी. त्यांचं ते ताक माझ्यापर्यंत वेळेत पोचलं, तर मी वाटी चाटूनपुसून पिईन.