घरी अगदी बरोबर वाजवतो हो!

"घाबरू नकोस, काही होत नाही," असं पियानोवर बसायला निघालेल्या मुलाला स्टेजच्या पायरीवर गाठून सांगणारे जे काका, मामा आणि आत्या असतात ना, त्यांना मी हल्ली हाताला धरून बाजूला घेते. तोवर ते पोर कित्येकदा घाबरलेलंही नसतं. यांनी सांगितल्यावर त्याच्या लक्षात येतं की इथं घाबरण्यासारखं काहीतरी आहे.

सांगलीत मी कीबोर्ड आणि पियानो शिकवते, त्याला आता बरीच वर्षं झाली. परीक्षांचा आणि गॅदरिंगचा हंगाम आला की प्रत्येक घरातून तेच ऐकू येतं. "मॅडम, घरी अगदी बरोबर वाजवतो हो, तिथं जाऊन काय होतं कुणास ठाऊक." यात खोटं काही नाही, तो घरी बरोबरच वाजवतो. रोज त्याच खुर्चीवर, त्याच ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर, टीव्हीच्या त्याच आवाजात. चुकला की थांबतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. त्यामुळे पीसची, म्हणजे वाजवायच्या रचनेची, सुरुवात त्याच्या हातात पक्की मुरलेली असते आणि शेवटच्या ओळीपर्यंत तो दिवसातून एखाद्याच वेळी पोचलेला असतो.

मग एक दिवस त्याला हॉलवर नेतात. समोर ८८ पट्ट्यांचा वजनदार पियानो असतो. स्टूल फार उंच नाहीतर फार खाली. पेडल पायाखालून फरशीवर पुढं पुढं सरकत जातं. व्हायोलिनवाला आपलं व्हायोलिन घेऊन येतो, तबलजी आपला तबला घेऊन येतो, पियानोवाल्याला मात्र समोर जे असेल त्यावरच वाजवावं लागतं. होरोविट्झसारखा एखादाच जगप्रसिद्ध पियानोवादक आपला स्टाइनवे पियानो गावोगाव घेऊन फिरला, बाकीच्यांच्या नशिबी यजमानाचं वाद्य. आणि आपण म्हणायचं, पोराला धीर नाही!

माझं म्हणणं एवढंच आहे की माणसांसमोर वाजवणं हा वेगळा रियाज आहे आणि तो आपण मुलांकडून करूनच घेत नाही. स्केल्स, डावा हात वेगळा, उजवा वेगळा, लयीची टिकटिक करणारा मेट्रोनोम, सगळं करून घेतो. 'कुणीतरी ऐकतंय' ही अवस्था मात्र त्यांना वर्षातून एकदा भेटते, तीही नवे कपडे, हार-तुरे आणि पाहुण्यांसकट. वर्षातून एकदा केलेली कुठली गोष्ट अंगवळणी पडते, सांगा.

शरीर आपलं काम इमानदारीनं करत असतं. धोका दिसला की ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात धावतं, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. पळून जायला किंवा मारामारी करायला ही तयारी उत्तम. पण आपल्याला चौथ्या आणि पाचव्या बोटाचा नाजूक ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची झरझर आलटापालट, वाजवायचा असतो! बोटं गार पडतात, थरथरतात. वर लय चढते. घरी ज्या चालीत वाजवतो त्यापेक्षा स्टेजवर सुरुवातच जोरात होते, मुलाला ते कळतही नाही, आणि अवघड जागा आली की गाडं अडतं. म्हणून मी मुलांना सांगते, बसल्यावर पहिली ओळ आठवू नका. सगळ्यात अवघड जागा मनात तिच्या लयीत म्हणा आणि त्याच लयीत सुरुवात करा. श्वास सोडताना सावकाश सोडा. हात गार पडले असतील तर कोमट पाण्याची बाटली धरून बसा. यात जादू काही नाही, पण "घाबरू नकोस"पेक्षा याचा उपयोग नक्की होतो.

आणखी एक गंमत असते. जी गोष्ट हात आपोआप करतात तिच्यावर ऐन वेळी लक्ष द्यायला गेलं की ती बिघडते. 'आता तिसरं बोट की दुसरं?' असा प्रश्न स्टेजवर मनात आला की संपलंच. म्हणून निव्वळ हातांच्या सवयीवर पाठ केलेला पीस दगा देतो. मी मुलांना मधल्या चार-पाच जागा ठरवून देते. कुठल्याही जागेचं नाव घेतलं की तिथून सुरू करता आलं पाहिजे. अडकलास तर मागं जायचं नाही, पुढच्या जागेवर उडी मारायची. समोर बसलेल्यांपैकी किती जणांना तो पीस माहीत असतो? आपल्याकडं तर परीक्षक आणि मी सोडून बहुतेक कुणालाच नाही. मागं जाऊन तीच चूक दुसऱ्यांदा ऐकवली तरच लोकांच्या लक्षात येते.

आता "नाट्यपंढरीतली पोरं आणि स्टेजला घाबरतात?" या टोमण्याबद्दल. प्रत्येक गॅदरिंगला कुणीतरी पाहुणे हे बोलून टाळ्या घेतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' उभं केलं याचा मलाही अभिमान आहे. पण त्या परंपरेतले नट धीट झाले ते सांगलीचं पाणी पिऊन नव्हे. तालमीला कंपनीतली माणसं बसलेली असायची, मग या गावी प्रयोग, त्या गावी प्रयोग. वर्षातून एकच प्रयोग करणारी नाटक कंपनी कुणी ऐकली आहे का?

गाण्यात तर याहून शहाणी पद्धत होती. "तयार झाल्याशिवाय चारचौघांत बसू नये" असं जुने गुरुजी म्हणायचे, हा मुद्दा माझ्या एका शिक्षक मैत्रिणीनं हिरिरीनं मांडला. तिचं म्हणणं असं की मुलांना सारखं लोकांसमोर बसवलं तर अर्धं-कच्चं वाजवायची सवय लागते. अगदीच चुकीचं नाही ते. पण त्या गुरुजींचा शिष्य तयार होईपर्यंत कुठं असायचा? गुरूच्या मागं, तानपुऱ्यावर! वर्षानुवर्षं. समोर भरलेली मैफल, डोळ्यांवर दिवे, मधूनच गुरूनं डोळ्यानं खुणावलं की एखादी सुरावट उचलायची आणि परत गप्प बसायचं. स्वतःच्या नावाची पहिली मैफल येईपर्यंत स्टेजचं भय कितीतरी विरलेलं असायचं. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी पोस्टी टाकल्या, मीही टाकली. पण त्या तानपुऱ्यामागं बसून माणूस काय शिकतो, याबद्दल कुणी लिहिलं नाही.

पियानोवाल्या पोराला मागं बसायला जागाच नाही. तबला नाही, तानपुरा नाही, चूक झाकायला टाळ नाहीत. भजनी मंडळात पेटी वाजवणारं पोर चुकलं तर दहा गळे त्याला सावरून घेतात. म्हणून मी तानपुऱ्याची जागा पियानोवरच तयार करते. चार हातांचे पीस असतात, खालची बाजू मी वाजवते, वरची मूल. आधी असं लोकांसमोर बसायचं. त्याहून लहान असेल त्यानं मोठ्या मुलाच्या शेजारी उभं राहून पानं उलटायची. पानं उलटणाराही घामाघूम होतो बरं का! पण पुढच्या वेळी तो स्टुलावर बसतो तेव्हा हॉल त्याच्या ओळखीचा असतो.

आणि मिरजेचा दर्गा तर आपल्या हाकेच्या अंतरावर. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, तिथंच त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ कलावंत हजेरी लावतात. चिंचेच्या झाडाखाली बैठक, ऐकणारे येतात, बसतात, उठून जातात. नामवंतही तिथं सेवा म्हणून गातात. 'परफॉर्मन्स' म्हणून बसणं आणि 'हजेरी' म्हणून बसणं यात हातांच्या गारठ्याचा फरक पडतो, हे मी स्वतः पेटीची साथ करताना अनुभवलंय.

पालक मला सांगतात की मोठमोठे कलाकारही घाबरायचे. हो, घाबरायचे. पियानोसाठी एवढं लिहिणाऱ्या शोपँनं सबंध आयुष्यात जाहीर कार्यक्रम केले ते जेमतेम तीसेक. होरोविट्झ १९५३ ते १९६५ स्टेजवर आलाच नाही. पियानोवादक ग्लेन गूल्डनं १९६४ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी मैफली कायमच्या बंद केल्या. पण हे ऐकून मुलाला काय मिळतं? त्यापेक्षा त्यांनी केलं काय ते सांगा. शोपँ ओळखीच्या माणसांच्या दिवाणखान्यात वाजवायचा. पियानोवादक रिख्टरला उतारवयात स्मरणशक्तीचा भरवसा वाटेना, तर हॉलमध्ये अंधार करून, फक्त नोटेशनवर पडेल एवढा दिवा लावून, समोर कागद ठेवून तो वाजवायला लागला. जग त्याला ऐकायला येतच राहिलं. या लोकांनी स्वतःला दूषणं देण्याऐवजी मांडणी बदलली. आणि आपल्याकडं आठ वर्षांच्या मुलीनं पुस्तक समोर ठेवलं तर "अजून पाठ नाही का?" म्हणून विचारतात! पाठ वाजवायची चाल क्लारा शुमान आणि लिस्ट या एकोणिसाव्या शतकातल्या पियानोवादकांच्या काळात रूढ झाली, त्याआधी कागद समोर असणं हीच रीत होती.

मी काय करते, तर महिन्याच्या एका रविवारी घरच्या हॉलमध्ये सतरंजी टाकते. ज्याला जे येतं ते त्यानं वाजवायचं, अर्धं असलं तरी चालेल. हात गरम करायला मिळत नाहीत, आल्या आल्या बसायचं, कारण स्टेजवरही तसंच असतं. प्रमाणपत्र नाही, पाहुणे नाहीत, शूटिंग तर अजिबात नाही. मुलं लोकांना घाबरत नाहीत हो. पहिल्या रांगेत मोबाईल उंच धरून, ओठांनी वन-टू-थ्री-फोर म्हणणाऱ्या आईला घाबरतात.

मोठ्यांचं विचाराल तर ते मुलांपेक्षा वाईट. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडं येतात, आयुष्यभर युनियनच्या सभांमध्ये माईकवर गरजलेत. पण लोकांसमोर पियानोवर साध्या मिन्युएटला, म्हणजे जुन्या युरोपीय नाचाच्या सोप्या तुकड्याला, त्यांचा गुडघा असा हलतो की पेडलचा आवाज येतो. त्यांनी एकदा गोळीबद्दल विचारलं. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या परदेशात वादक घेतात हे खरं आहे, हाताची थरथर आणि धडधड त्यानं कमी होते. पण दमा असलेल्या माणसाला त्या धोक्याच्या ठरू शकतात, तेव्हा व्हॉट्सॲपवर वाचून मेडिकलमध्ये जायचं नाही, डॉक्टरांनाच विचारायचं. आणि पोरांच्या बाबतीत तर हा विषयच काढू नका.

जाता जाता गॅदरिंग भरवणाऱ्यांना एक विनंती. उंची बदलता येणारं स्टूल ठेवा. पेडलखाली रबरी मॅट टाका, फार महाग नसते. मुलांना आदल्या दिवशी दहा मिनिटं त्या पियानोवर बसू द्या. आणि दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, पाहुण्यांचं मनोगत हे सगळं होईपर्यंत पोरं विंगेत तासभर हात चोळत उभी असतात, तेव्हा भाषणं मुलांच्या वादनानंतर ठेवा. मग ऐकायला कुणी थांबलं नाही, तर ते पाहुण्यांनी बघून घ्यावं.