आधी जंतू, मग सांधा
‘हाड जोडायला बसवलेल्या प्लेट-स्क्रूला इन्फेक्शन झालं की ते काढून लगेच सांधा बदलतात’ असं खुब्याच्या ऑपरेशनवरच्या एका लेखात एका ओळीत उरकलंय. दर वेळी तसं होत नाही हो. आमच्या आत्याचं खुब्याचं ऑपरेशन फसलं, टाक्यांतून पू येत राहिला. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी चालू अँटिबायोटिक थांबवल्या, नाहीतर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, जंतू सापडत नाही म्हणे. मग आतलं सगळं लोखंड काढून पोकळीत औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गोळा बसवला. पुढे सहा आठवडे सलाईनमधून औषधं, अधूनमधून सीआरपी, ईएसआर या सूज-इन्फेक्शन दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. आकडे उतरले तेव्हाच कृत्रिम सांधा. मधला काळ मात्र वैतागाचा. वॉकर, कमोडची खुर्ची आणि भेटायला येणाऱ्यांचे फुकटचे सल्ले! आता आत्या काठी घेऊन भाजी आणायला जाते. पाय जरा आखूड झालाय, चपलेला टाच लावून घेतली.