शासनमान्य श्रीमंत

मुलीला इंजिनीअरिंग शिकायला राज्याबाहेर पाठवायचे नाही, हे आमच्या घरात सीईटीच्या निकालाआधीच ठरले होते. पर्सेंटाइल पाहिल्यावर तो निर्णय अधिकच तत्त्वनिष्ठ झाला. कन्येचा जन्म ठाण्याचा, दहावी-बारावी ठाण्याची, तरीही ती महाराष्ट्राचीच आहे याला कागदाचा आधार लागतो. म्हणून वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास असे तिन्ही एकदम सिद्ध करणारे प्रमाणपत्र काढण्यासाठी आम्ही सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहिलो.

खरी लढाई कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पसंतीक्रमावरून झाली. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळाले की ती जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते, त्यामुळे क्रमांक एकवर कोण, हा प्रश्न घरात चांगलाच पेटला. कन्येला ब्रँच हवी होती. कॉम्प्युटर मिळत असेल, तर कॉलेज चंद्रावर असले तरी तिची ना नव्हती. सौ.च्या मते ब्रँचपेक्षा स्टेशन महत्त्वाचे. ऐरोली, वाशी, नेरूळ यांपैकी कुठले मिळाले तर ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्यातूनच सुटते आणि निदान बसायला मिळते. माटुंग्याचे व्हीजेटीआय 1887 पासून कितीही नावाजलेले असो, सकाळी आठला ठाण्याहून फास्ट लोकलमध्ये चढणे हीच एक वेगळी प्रवेश परीक्षा आहे, हा तिचा मुद्दा खोडण्याची माझी प्राज्ञा नव्हती. मी आपला शुल्क नियामक प्राधिकरणाने कॉलेजवार ठरवून दिलेले आकडे चढत्या क्रमाने लावत बसलो होतो. माझ्या यादीला घरात ‘बाबांची रद्दी’ म्हणत.

मग कोणीतरी सवलतींचा विषय काढला. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षण शुल्क शासन पूर्ण भरते, मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवे. इथे ‘कुटुंब’ या शब्दाने आमचा घात केला, कारण त्यात सौ.चा पगारही येतो. दोघांच्या पगाराची बेरीज ती रेषा ओलांडून थोडी पुढे जाऊन उभी राहिली. पगार पुरत नाही म्हणून आजवर मी साहेबापासून सासऱ्यापर्यंत सर्वांपुढे रडलो. आता तो जास्त भरतो म्हणून रडायची वेळ आली. गेल्या वर्षी मिळालेल्या वेतनवाढीचे पेढे वाटले होते, त्यांचा हिशेब सौ.ने नव्याने मांडला. “नाही म्हणता आलं नसतं का?” असेही तिने विचारले.

अखेर नवी मुंबईतले एक कॉलेज मिळाले. फीच्या खिडकीवर कारकुनाने मान वर न करता विचारले, “महाडीबीटी? स्कॉलरशिप? काही सवलत?” मी प्रत्येक प्रश्नाला “नाही” म्हणत गेलो. तेव्हा त्याने चष्मा सारखा करून माझ्याकडे आदराने पाहिले आणि म्हणाला, “मग साहेब, पूर्ण भरा.”